दोष वाटेतला, बोल लिनक्सला

लिनक्ससारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली, म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते अशी प्रणाली, संगणकावर चढवणे आता सोपे झाले असले, तरी तिच्यावर नेट जोडणे आणि जोडलेले टिकवणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे, हे मत इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागायची कोणाला गरजच वाटत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली, विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर यांची अट आधीपासूनच होती, आणि त्यामुळे ठणठणीत चालणारे असंख्य संगणक केवळ वयामुळे बेवारस ठरले, तेव्हा या मताने नव्याने डोके वर काढले. टिटवाळ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत असूनही शहराच्या अगदी टोकाला, कसाऱ्याच्या वाटेवर असलेल्या या गावात शिकवणी वर्ग, झेरॉक्स-डीटीपीची दुकाने, सोसायट्यांची कार्यालये आणि शाळांच्या संगणक खोल्या अशाच जुन्या यंत्रांवर चालतात. त्यांच्यापुढे नवे यंत्र विकत घेणे, देखभाल संपलेल्या विंडोजवर दिवस ढकलणे किंवा लिनक्स बसवणे एवढेच मार्ग उरतात, आणि यातला तिसरा मार्ग ‘पण त्यावर नेट कोण जोडून देणार?’ या एका वाक्यात निकालात निघतो.

हे वाक्य पूर्णपणे बिनबुडाचे असते तर ते इतकी वर्षे टिकले नसते. त्यामागे खरा इतिहास आहे, आजही शिल्लक असलेल्या काही खऱ्या उणिवा आहेत. पण त्या दोहोंच्या आडून एक तिसरीच गोष्ट लिनक्सच्या खात्यावर मांडली जाते, आणि ती म्हणजे संगणकाच्या बाहेर, राउटरपासून नेटवाल्याच्या खोलीपर्यंतच्या वाटेत असलेला बिघाड. मुक्तस्रोत प्रणाली हा बिघाड निर्माण करत नाही. तो कुठे आहे ते ती दाखवू शकते, आणि पाहणाऱ्याला काय पाहावे हे कधी शिकवलेलेच नसल्यामुळे त्या दाखवण्यालाच दोष समजले जाते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इतिहासापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण आक्षेपाचे मूळ तिथेच आहे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने क्रमांक फिरवायचा आणि पलीकडच्या यंत्राशी पीपीपी, म्हणजे दोन टोकांमध्ये थेट जोडणी उभी करण्याचा संकेत, वापरून संवाद साधायचा अशी पद्धत होती. ज्यांना त्या दर्जाचे खाते परवडत नसे ते केवळ अक्षरे दाखवणाऱ्या ‘शेल’ खात्यावर काम भागवत. त्या काळी संगणकाच्या मासिकांबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स बसवणाऱ्याला डायलिंगची आज्ञावली हाताने लिहावी लागे, हे खरे आहे. परंतु त्याचा घात बहुतेक वेळा त्या आज्ञावलीने केला नाही, तर ‘विनमोडेम’ नावाच्या स्वस्त मोडेमने केला. जे काम मोडेमच्या स्वतःच्या चिपने करायचे ते विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर ढकलून उत्पादकांनी किंमत उतरवली आणि त्या सॉफ्टवेअरचा तपशील मात्र बाहेर येऊ दिला नाही, त्यामुळे हा मोडेम लिनक्सच्या दृष्टीने मुका राहिला. संगणकाबाहेर ठेवायचा आणि सिरियल पोर्टला जोडायचा साधा मोडेम त्याच लिनक्सवर विनातक्रार चाले. माहिती दडवली उत्पादकाने, आणि नाव खराब झाले ते ज्याच्यापासून ती दडवली गेली त्याचे.

हीच गोष्ट पुढे वाय-फायच्या बाबतीत जशीच्या तशी घडली. वाय-फायच्या चिपमध्ये सुरू होतानाच चढवावा लागणारा, कंपनीने बांधून दिलेला छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. कित्येक चिपांचे फर्मवेअर मुक्तस्रोत वितरणांत, म्हणजे लिनक्सच्या तयार बांधलेल्या संचांत, ठेवायला परवाना किंवा तत्त्व आड येत असे, आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्यप्रणालीने चिपशी बोलण्यासाठी वापरायचा दुवा, तोही अनेकदा नसे. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी तर एनडिसरॅपर नावाच्या खटाटोपातून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवायची पाळी आली होती, आणि २०१० मध्ये त्या कंपनीने काही चिपांचा ड्रायव्हर खुला केला तेव्हा कुठे ती कोंडी फुटू लागली. डेबियन हे तत्त्वाला घट्ट चिकटून राहणारे वितरण; पण त्याच्या सदस्यांनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचे ठरवले आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ पासून ते अमलात आले. ही तारीख आक्षेपकांच्या बोलण्यात कधी येत नाही. त्यांची तक्रार त्याआधीच्या काळात थिजलेली आहे.

याचा अर्थ आता सगळे आलबेल आहे असा मुळीच नव्हे. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा यूएसबी वाय-फाय डोंगल आजही जुगार आहे, कारण एकाच नावाच्या आणि एकाच खोक्यातल्या डोंगलमध्ये कंपनी मधल्या मध्ये चिप बदलते, आणि आधीची चिप लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ओळखली जात असली तरी नंतरची ओळखली जाईलच याची शाश्वती नसते. मग नेट जोडायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवे, असा पेच पडतो. या पेचावरचा उपाय मात्र बहुतेकांच्या खिशातच असतो आणि आक्षेपकांना तो क्वचितच ठाऊक असतो: अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेने संगणकाला लावून त्यावर यूएसबी टेदरिंग सुरू केले, की लिनक्सला तो फोन साधे तारेचे नेटवर्क म्हणून दिसतो, आणि त्यासाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. शिवाय या ठिकाणी केली जाणारी तुलनाच मुळात तिरकी असते. दुकानातून विंडोज आधीच बसवून आणलेला लॅपटॉप एका पारड्यात आणि जुन्या यंत्रावर स्वतः बसवलेले लिनक्स दुसऱ्या पारड्यात टाकले जाते. कोऱ्या यंत्रावर विंडोज स्वतः बसवून पाहणाऱ्याला, वाय-फायचा ड्रायव्हर शोधत दुसऱ्या संगणकाकडे धावावे लागते हा अनुभव काही अपूर्वाईचा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे, तो म्हणजे ‘नेटवर्कची सेटिंग’ ही वस्तू आहे तरी काय. कार्यप्रणाली कोणतीही असो, संगणकाला जाळ्यात उभे राहायला चार गोष्टी लागतात: स्वतःचा आयपी पत्ता, त्या पत्त्याचा किती भाग आपल्या घरच्या जाळ्याचा आणि किती स्वतःचा हे सांगणारा मास्क, घराबाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा पत्ता लिहिलेला तुकडा, ज्याच्या हाती सोपवायचे त्या गेटवेचा पत्ता, आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर. या चारही गोष्टी घरातला राउटर डीएचसीपी या संकेताने संगणकाला आपण होऊन देतो, आणि १९९७ मध्ये आजच्या रूपात ठरलेला हा संकेत विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि लिनक्स या सर्वांसाठी अक्षरशः एकच आहे. उबुंटू किंवा डेबियन या वितरणांच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’ उघडले तर पत्ता आपोआप घ्यायचा की हाताने भरायचा हा पर्याय आणि वरची चार रकान्यांची माहिती एवढेच समोर येते. विंडोजवरही तेच येते, फक्त तिथे ते नव्या ‘सेटिंग्ज’मध्ये एकदा आणि जुन्या ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये दुसऱ्यांदा, असे दोन जागी येते. लिनक्सवर ही व्यवस्था पाहणारा नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये सुरू केला, म्हणजे तार लावली किंवा वाय-फायचा पासवर्ड घातला की बाकीचे आपोआप होणे ही सोय डेस्कटॉप लिनक्समध्ये दोन दशकांपासून आहे. जो हाताने पत्ता भरायला बसतो, तो बहुधा कोणीतरी जुन्या सवयीने सांगितले म्हणून बसतो.

त्या सवयीची किंमत शाळेच्या संगणक खोलीत दिसते. संगणक बसवून देणाऱ्याने प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.५, १९२.१६८.१.६ असे पत्ते हाताने ठोकलेले असतात, राउटरचा डीएचसीपी त्याच पल्ल्यातले पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्या फोनना वाटत असतो, आणि कधीतरी एकाच पत्त्यावर संगणक आणि शिक्षकांचा फोन दोघेही हक्क सांगतात. मग नेट चालते आणि बंद पडते, पुन्हा चालते. ज्या यंत्रावर लिनक्स असेल त्याच्यावर खापर फुटते आणि विंडोजचे यंत्र असेल तर ‘रेंज नाही’ असे म्हटले जाते, वास्तविक दोन्हीकडे दुखणे एकच असते: राउटरचा वाटपाचा पल्ला आणि हाताने दिलेले पत्ते वेगळे ठेवायचे राहिले.

आक्षेपकांच्या नजरेतून निसटणारी आणखी एक गोष्ट इथेच सांगणे योग्य होईल. ज्या राउटरमधून विंडोजचा प्रत्येक संगणक बाहेर पडतो, तो घरगुती राउटर बहुतेक वेळा आतून लिनक्सवरच चालतो. २००३ मध्ये लिंक्सिसला आपल्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमधली लिनक्सची संहिता परवान्यानुसार खुली करावी लागली आणि तिच्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीचा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे. कल्याणहून टिटवाळ्याकडे येणाऱ्या लोकलच्या डब्यात अँड्रॉइड फोनवर चित्रपट पाहणारा प्रत्येक प्रवासी लिनक्सच्याच कर्नेलवरून नेट वापरत असतो. लिनक्सला नेट जमत नाही हे विधान तेव्हा शब्दशः घेताच येत नाही. त्याचा खरा आशय एवढाच उरतो की डेस्कटॉपवर नेट बंद पडले तर काय करायचे ते माणसाला कळत नाही.

हा आशय मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण टिटवाळ्यासारख्या ठिकाणी नेट बंद पडणे ही नित्याची बाब आहे. वीज गेली की वाटेतले एखादे उपकरण मान टाकते, रस्ता खणला की फायबर तुटते, अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी लोटणारी गर्दी मोजक्या टॉवरांवर एकवटली की मोबाइलचा डेटा सरपटू लागतो. अशा वेळी नेटवाल्याला फोन केला तर ‘राउटर बंद करून चालू करा’ हे पहिले उत्तर आणि ‘तुमच्या मशीनमध्येच प्रॉब्लेम आहे’ हे दुसरे. हे दुसरे उत्तर लिनक्स वापरणाऱ्याला हमखास मिळते, आणि ते खोडून काढायला त्याच्या हाती काही असते की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. ते असते, आणि ते पाहायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘आयपी ॲडर’ ही आज्ञा दिली की संगणकाच्या प्रत्येक जोडणीची स्थिती समोर येते. जोडणीच्या नावापुढे ‘नो-कॅरियर’ दिसले तर तार सैल आहे किंवा पलीकडचे पोर्ट मेलेले आहे, आणि तिथे सेटिंगचा संबंधच संपतो. तार ठीक असून आयपी पत्ताच नसेल तर राउटरने तो दिलेला नाही. या एका प्रसंगात दोन प्रणालींचा स्वभाव स्पष्ट दिसतो: डीएचसीपीकडून उत्तर आले नाही तर विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसते आणि न जाणणाऱ्याला पत्ता ‘मिळाल्यासारखा’ वाटतो, तर नेटवर्कमॅनेजर साधारण पाऊण मिनिट वाट पाहून जोडणी झाली नाही असे सांगून मोकळा होतो. यातले दुसरे वागणे रूक्ष आहे खरे, पण ते पाहणाऱ्याला भ्रमात ठेवत नाही.

पत्ता असेल तर ‘आयपी राउट’ ही आज्ञा द्यावी. तिच्या पहिल्या ओळीत ‘डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१’ असे काहीसे येते. त्याचा अर्थ एवढाच की ज्या पत्त्याची वाट ठाऊक नाही ते सारे या राउटरकडे सोपवायचे. आता त्या १९२.१६८.१.१ ला पिंग करावे, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारणारे छोटे पॅकेट पाठवावे. उत्तर आले तर घरातली वाट मोकळी आहे. मग ८.८.८.८ या गुगलच्या डीएनएस सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करावे: उत्तर नाही आले, तर बिघाड राउटरच्या पलीकडे आहे, आणि फायबरच्या डबीवर एलओएसचा, म्हणजे संकेत येत नसल्याचा, लाल दिवा लागला आहे का एवढेच पाहायचे उरते. उत्तर आले पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर नेट गेलेलेच नाही. नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस गेला आहे, आणि सेटिंगमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता भरला की काम सुरू होते. या क्रमाने पाहणाऱ्याला नेटवाल्याशी बोलताना अजिजी करावी लागत नाही. ‘गेटवेपर्यंत पोचतो आहे, पुढे पोचत नाही’ हे त्याचे एक वाक्य तक्रारीचा सूरच बदलते. विंडोजवरही ‘आयपीकॉन्फिग’ आणि ‘पिंग’ या आज्ञा आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मग आक्षेपाचे काय उरते? बिघाड शोधायचा तर दोन्हीकडे तीच पाहणी करावी लागते, आणि न शोधता राउटर बंद-चालू करायचा तर तो दोन्हीकडे सारखाच बंद-चालू होतो.

याहून चकवा देणारा एक प्रकार असा आहे की काही संकेतस्थळे झटक्यात उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात. अनेक ठिकाणी घरचे ब्रॉडबँड पीपीपीओई या संकेताने येते, त्यात राउटर ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी उभी करतो आणि प्रत्येक पॅकेटवर आठ बाइटांचे वेष्टन चढते. एरवी तारेवरून १५०० बाइटांपर्यंतचे पॅकेट जाऊ शकते, ते त्यामुळे १४९२ वर येते. राउटरने ही मर्यादा नीट हाताळली नाही आणि वाटेतल्या एखाद्या यंत्राने ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोपच गिळला, तर लहान पॅकेटे जातात, मोठी वाटेत नाहीशी होतात, आणि वापरणाऱ्याला ‘अर्धे नेट’ मिळते. लिनक्सवर पिंगला तुकडे न करण्याची सूचना देऊन १४६४ बाइटांचा मजकूर पाठवावा, त्यावर २८ बाइटांचे मथळे चढून बरोबर १४९२ होतात. हे पॅकेट उत्तर घेऊन येते आणि १४६५ चे येत नाही, तर मर्यादा कुठे आहे हे जागच्या जागी सिद्ध होते. मग जोडणीच्या सेटिंगमधील ‘एमटीयू’ या रकान्यात, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या जागी, १४९२ भरले की दुखणे बहुधा थांबते. हा बिघाड विंडोजच्या यंत्रालाही तितकाच होतो. तिथे तो ‘साइट स्लो आहे’ म्हणून खपून जातो.

तसेच घरचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही म्हणून लिनक्सवर राग काढला जातो, तोही अस्थानी आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आशिया-प्रशांत विभागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपला, आणि २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा नेट पुरवणाऱ्यांनी ग्राहकांना आतल्या आत वाटण्यासाठी राखून ठेवण्यात आला. राउटरच्या बाहेरच्या बाजूला या पट्ट्यातला पत्ता दिसत असेल, तर अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरत आहेत आणि बाहेरून थेट आत येण्याची वाट नाही. संगणकावर कोणती प्रणाली आहे याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. सार्वजनिक पत्ता नेटवाल्याकडून मागून घ्यावा लागतो.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र निर्विवाद खरा आहे आणि मुक्तस्रोताचे समर्थक तो नेहमी झाकतात. लिनक्समधली नेटवर्कची अवजारे गेल्या पंधरा वर्षांत इतक्या वेळा बदलली की जुनी माहिती हाती लागलेला माणूस हमखास फसतो. ‘इफकॉन्फिग’ ही कित्येकांना पाठ असलेली आज्ञा मागे पडून तिच्या जागी ‘आयपी’ आली; तारेच्या पहिल्या जोडणीचे ‘ईटीएच०’ हे साधे नाव जाऊन २०१३ पासून ‘ईएनपी३एस०’ सारखी, कार्ड कोणत्या खाचेत आहे ते सांगणारी नावे रूढ झाली; डीएनएसचा पत्ता ज्या फाइलमध्ये हाताने लिहीत, तिथे आता १२७.०.०.५३ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता दिसतो आणि तिथे केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जातो. आणि उबुंटूने २०१७ मध्ये सेटिंगची जुनी फाइल सोडून नेटप्लॅन ही नवी पद्धत आणली, जिच्या फाइलमध्ये ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागांनाही अर्थ असतो आणि तिथे टॅब चालत नाही. एका मोकळ्या जागेपायी नेट अडावे ही रचना सामान्य वापरणाऱ्यासाठी शोभादायक नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. पहिली, ही फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे, डेस्कटॉपवर बसलेल्याला ती उघडण्याचे कारण नाही. आणि दुसरी, तिच्याचबरोबर ‘नेटप्लॅन ट्राय’ नावाची आज्ञा येते, जी नवी सेटिंग लावून १२० सेकंद वाट पाहते आणि तेवढ्यात पुष्टी न मिळाल्यास जुनी सेटिंग आपोआप परत आणते, म्हणजे चुकीच्या एका ओळीने माणूस कायमचा बाहेर फेकला जातो हा आरोपही टिकत नाही.

टर्मिनलशिवाय लिनक्स म्हणजे लिनक्सच नव्हे, असे मानणारा समर्थकांचा जो वर्ग आहे, त्याने या मताला जितके बळ दिले तितके कोणत्याही कंपनीने दिले नसेल. नवख्याने वाय-फायचे विचारावे आणि त्याला तीन फाइली बदलायला सांगाव्यात, ही विद्वत्ता नव्हे, मिरवणे आहे. टर्मिनलचे खरे महत्त्व वेगळेच आहे, आणि ते टिटवाळ्यातल्या घरांच्या दिनक्रमाशी जोडलेले आहे. घरातला जाणता मुलगा किंवा शेजारचा माहीतगार माणूस सकाळच्या लोकलने ठाण्याला किंवा ऐरोलीला गेलेला असतो आणि नेट दुपारी बंद पडते; फोनवरून ‘उजवीकडच्या खालच्या चिन्हावर क्लिक कर, मग जे उघडेल त्यात तिसरे बटण’ असे सांगायला जावे तर आवृत्तीगणिक बटणांच्या जागा बदललेल्या असतात, आणि हे विंडोजच्या बाबतीतही तितकेच खरे आहे. आज्ञेचे तसे नाही. ती संदेशात पाठवता येते, बघून टाइप करता येते, आणि पडद्यावर आलेल्या ओळींचा फोटो परत पाठवला की दूर बसलेल्याला बिघाड वाचता येतो.

राहता राहिला प्रश्न माणसांचा. ‘विंडोज दुरुस्त करणारा गल्लोगल्ली मिळतो, लिनक्सचा मिळत नाही’ हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, पण ती वस्तुस्थिती तंत्रातून आलेली नसून शिकवण्यातून आलेली आहे. महाराष्ट्रात २००१ पासून लाखोंनी पूर्ण केलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचा गाभा विंडोज आणि ऑफिस हाच राहिला, आणि सरकारी नोकरीसाठी तो किंवा त्याच्या तोडीचा अभ्यासक्रम लागत असल्यामुळे संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के झाले. दुसरीकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने लिनक्सचे पायाभूत धडे मराठीत फुकट उपलब्ध करून दिले आहेत. आणि जिल्हा व तालुका न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात तर उबुंटू ही कार्यप्रणाली आणि एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्तस्रोत साधनांवर घडवलेली खटल्यांची नोंदप्रणाली वापरली गेली. टिटवाळ्याच्या माणसाचा दावा ज्या कल्याणच्या न्यायालयात चालतो, त्याची पुढची तारीख ज्या प्रकल्पातून त्याच्या फोनवर येते तो प्रकल्प अशा तऱ्हेने मुक्तस्रोतावर उभा आहे, आणि तो रोज चालवणारे लिपिक संगणक अभियंते नाहीत. तिथे जाळे सांभाळायला तंत्रज्ञ नेमलेले असतात, असे यावर कोणी म्हणेल. असतात, विंडोजवर चालणाऱ्या बँकेतही असतात.

आपले सरकार सेवा केंद्र किंवा तत्सम काम करणाऱ्या दुकानदाराची अडचण मात्र वेगळी मोजली पाहिजे. अंगठा घेणारी बायोमेट्रिक यंत्रे आणि डिजिटल सहीचे टोकन यांच्यासोबतचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोज डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते, आणि त्याला विंडोज सोडणे आज परवडणारे नाही. हे कारण खरे आहे आणि पुरेसेही आहे; पण ते नेटवर्कचे कारण नाही, आणि त्याच्याच शेजारी ज्या शिकवणी वर्गात केवळ ब्राउझर, छपाई आणि टायपिंग चालते, तिथल्या जुन्या यंत्रांवर ते लागू करता येत नाही. त्या यंत्रांचा निर्णय घेण्याआधी लिनक्स यूएसबीवर घेऊन, काहीही न बसवता, ‘लाइव्ह’ म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते: वाय-फायचे नाव यादीत दिसते की नाही, पासवर्ड घातल्यावर पत्ता मिळतो की नाही आणि प्रिंटर सापडतो की नाही हे हार्ड डिस्कला हात न लावता दहा मिनिटांत कळते, आणि वाय-फाय दिसलेच नाही तर राउटरपासून एक तार ओढणे हा खर्च नव्या संगणकाच्या किमतीपुढे नगण्य असतो.